कुंकू लावलेलं पाकीट

माझ्या लग्नाची पत्रिका मी त्यांना नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ती उघडलीच नाही. आधी पाकीट उलटं केलं, मग सुलटं केलं, चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि नाकाशी धरून चांगलं हुंगलं. मी समोर हात जोडून उभा. वाटलं, आता अभिनंदन करतील. तर म्हणाले, "कणकेची खळ लावलीय. सासरे जपून खर्च करणारे दिसतात. चांगलं आहे, मुलगी संसार नीट करील." त्यानंतर त्यांनी पत्रिका बाहेर काढली आणि मुलीचं नाव वाचलं. सासऱ्यांबद्दल इतकं अचूक मत बनवायला मला पुढे दहा वर्षं लागली.

ते आमचे हेडक्लार्क. बोरिवली-कांदिवलीच्या बाजूला तेव्हा आमची एक एवढीशी म्युनिसिपालिटी होती. पुढे मुंबई वाढत वाढत आली आणि आमची म्युनिसिपालिटी तिच्या पोटात गेली, पण मी सांगतोय तो काळ त्याच्या आधीचा, नवे पैसे यायच्याही आधीचा. ऑफिस एका भाड्याच्या बंगल्यात होतं. दिवाणखान्यात चीफ ऑफिसर बसायचे, स्वयंपाकघरात आम्ही, आणि जुन्या फायली न्हाणीघरात. नळ कोणीतरी नीट बंद करायला विसरायचं, त्यामुळे आमच्या सगळ्या जुन्या कारभाराला बुरशी आलेली होती.

मी नवा, टेंपररी, टेंडरच्या टेबलावर. काम साधं होतं. म्युनिसिपालिटीला काही घ्यायचं झालं, रस्त्याची खडी म्हणा, चुना म्हणा, डासांसाठी नाल्यात टाकायचं तेल म्हणा, की कंत्राटदारांकडून बंद पाकिटात भाव मागवायचे. पाकिटं कुलपाच्या पेटीत पडायची. ठरल्या दिवशी साहेबांसमोर ती उघडायची आणि ज्याचा भाव सर्वांत कमी त्याला काम द्यायचं. यात डोकं चालवण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी तू कागद वाचायला लागलास तेव्हाच मी ओळखलं, हा मुलगा फसणार," हेडक्लार्क मला म्हणाले. "अरे शहाण्या, कागदावर माणूस लिहितो ते ठरवून लिहितो. पाकिटाकडे त्याचं लक्ष नसतं. म्हणून आधी पाकीट बघायचं."

ऑफिसात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना पाकीटमार म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा शिपायानं नवीन आलेल्या माणसाला चुकून त्यांच्यासमोरच सांगितलं, "टेंडर ना? तिकडं, पाकीटमारांकडं." तर हे शांतपणे म्हणाले, "या, बसा. खिसा सांभाळा."

बुटके, गोल, डोक्यावर काळी टोपी, बारा महिने हातात छत्री. ऊन असो, ढग असो, छत्री उघडायची नाही. ती कंत्राटदारांना लांब ठेवायला आहे असं ते सांगत. कोणी कंत्राटदार बोलताना फार जवळ आला की छत्रीचं टोक त्याच्या पोटाला लावून म्हणायचे, "तिथूनच. मला ऐकू येतं." कंत्राटदाराचा चहा घ्यायचा नाही, पान घ्यायचं नाही, विडी पेटवायला काडीसुद्धा घ्यायची नाही. एका कंत्राटदारानं सहज "आज हवा छान आहे ना" म्हटलं, तर यांनी उत्तर दिलं, "असेल. पण तुमच्यामुळे नाही."

आणि त्यांची खुर्ची! त्या खुर्चीत दुसऱ्या कोणी बसायचं नाही असा त्यांचा दंडक. सागवानी, साधी, हाताचे कठडे झिजून गुळगुळीत झालेले. एकदा ते बाहेर गेलेले बघून मी तिच्यात बसलो. दारातून ओरडले, "ऊठ! ती वीस वर्षांत एकदा कुरकुरलेली नाही. तुला तिची सवय नाही आणि तिला तुझी नाही."

बरं, हे टेंडरचं वेड ऑफिसात टाकून घरी गेले असते तर एक वेळ चाललं असतं. एका रविवारी मला बोंबील खायला बोलावलं. मूलबाळ नव्हतं त्यांना, घरी दोघंच, त्यामुळे माझ्यासारखं कोणी आलं की काकू खूश. मासळी आणायला आम्ही दोघं बाजारात गेलो. तीन कोळणी शेजारी शेजारी बसलेल्या. हे त्यांच्यापुढे उभे राहून म्हणतात, "एकेकीनं माझ्या कानात भाव सांगायचा. दुसरीला ऐकू जाता कामा नये. सर्वांत कमी जिचा, तिचे बोंबील."

पहिली कोळीण बघतच राहिली. "कानात? बायको हाय ना रं घरी?"

"आहे, आहे. भाव सांग."

हे खरंच वाकले. छत्री काखेत, टोपी मागे सारून कान पुढे. बाजारातली माणसं जमली. मला धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं. तिघींनी आळीपाळीनं त्यांच्या कानात भाव सांगितला, पदराआडून हसत. तिघींचा भाव एकच निघाला.

"बघितलंस?" हे माझ्याकडे वळून आनंदानं ओरडले. "रिंग आहे! आपसात ठरवून बसल्यात!"

"रिंग नाय रं दादा," ती कोळीण म्हणाली, "आमी तिगी जावा हाव."

बोंबील न घेताच आम्ही परतलो. तत्त्व म्हणजे तत्त्व. काकूंनी पिठलं केलं आणि वाढताना म्हणाल्या, "तुम्ही पकडा चोर. आम्ही पिठलं खातो." त्या दिवसापासून रविवारची मासळी काकूच आणायच्या.

पण रिंग म्हणजे काय हे मला त्या पिठल्यानं शिकवलं. विकणारे चौघे असले तरी आतून एक झाले, की तुमच्या बंद पाकिटाला काही अर्थ उरत नाही. आणि आमच्याकडेही चौघेच होते.

चारच कंत्राटदार आमच्या म्युनिसिपालिटीत वर्षानुवर्षं टेंडर भरायचे. त्यातले पुढारी मोठे शेठ. पांढरंशुभ्र धोतर, अत्तर, बोलणं लोण्यासारखं. दुसरा तात्या, मालवणकडचा, जातिवंत सुतार. पूर्वी स्वतः रंधा मारायचा, आता हातात फक्त छत्री आणि तोंडात तंबाखू. उरलेले दोघे शेठ म्हणतील त्याला मान हलवणारे. पाकिटं पेटीत पडायच्या आधी हे चौघं स्टेशनाजवळच्या इराण्याकडे बसायचे आणि मग एकमेकांना ओळखत नसल्यासारखे वेगवेगळे ऑफिसात यायचे. आपापल्या छत्र्या मात्र बदलून आणायचे, कारण इराण्याकडून उठताना घाईत कोणाची कोणी उचलायचा.

एकदा चौघं आमच्यासमोर पेटीत पाकिटं टाकून गेल्यावर हेडक्लार्क मला म्हणाले, "आज तात्याला मिळणार."

"तुम्ही पाकिटं फोडलीत?"

"मी? जीभ झडेल तुझी. प्लेटभर भज्यांची पैज लाव."

लावली. तात्यालाच मिळालं. पुढच्या वेळी म्हणाले, "आज शेठ." शेठलाच मिळालं. तिसऱ्या वेळी मी हरलो तेव्हा माझ्या टेंपररी पगाराची वाट लागत आली होती. मी हात जोडले. "आता सांगा तरी."

त्यांनी टेबलाचा सर्वांत खालचा खण ओढला. आत जुनी पाकिटं, गठ्ठे बांधून, वर्षावार. फोडलेली पाकिटं फेकायची हा नियम, पण हे गृहस्थ केराच्या टोपलीतून ती परत उचलून आणत. सोबत एक लांबोडकं रजिस्टर. त्यात त्यांनी स्वतः रकाने आखलेले: काम, पाकीट कोणाचे, कुंकू, शेरा.

"कुंकू?"

"बघ." त्यांनी एक गठ्ठा सोडला. चार पाकिटं. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट. दुसरा गठ्ठा सोडला. पुन्हा चार, पुन्हा एकावरच कुंकू. "ज्याच्यावर कुंकू, त्याला काम. दर खेपेला."

मला काही कळेना. ते खुर्चीत मागे रेलले. खुर्ची अर्थातच कुरकुरली नाही.

"अरे, पाकीट पेटीत टाकायच्या आधी माणूस काय करतो? देवापुढे ठेवतो. बाबा रे, काम मिळू दे म्हणतो, आणि बोटभर कुंकू लावतो. खरी चुरस असेल तर चौघंही लावतील, कारण चौघांनाही आशा असणार. पण इथे ठरलेलंच आहे की या खेपेला शेठ. मग बाकीचे तिघे देवाला कशाला उठवतील? ते काय मागणार, मला काम मिळू देऊ नकोस?" ते पुढे वाकले. "माणसाला खोटं टेंडर भरता येतं रे. म्युनिसिपालिटीला काय, कोणीही फसवतं. पण खोटा नवस बोलायला जीव धजत नाही. आपली माणसं भाविक आहेत, तेवढी एक चूक त्यांच्याकडून होणारच."

आणि हा माणूस स्वतः देव न मानणारा! दसऱ्याला शिपाई टाइपरायटरला हळदकुंकू लावायचा, की हे रुमालानं पुसून टाकायचे. काकूंनी नव्या छत्रीला कुंकू लावलं तर तेही पुसलं. मी विचारलं, तुम्ही मानत नाही मग कुंकवावर एवढा विश्वास कसा? म्हणाले, "मी देवाला मानत नाही. देवाला मानणाऱ्यांना मानतो."

हे सगळं खणात राहिलं असतं, आम्ही भजी खात राहिलो असतो. पण मध्येच शाळेची बाकं आली.

म्युनिसिपालिटीची शाळा होती. पोरं जमिनीवर बसायची, शहाबादी फरशीवर, थंडीत पायाखाली पोतं घेऊन. कशीबशी बाकांसाठी रक्कम मंजूर झाली, आणि ती ठरलेली. तीत वाढ होणार नव्हती. टेंडरं आली. हेडक्लार्कांनी पाकिटं उलटी-सुलटी केली. एकट्या शेठच्या पाकिटावर कुंकू. उघडली, तर शेठचा भाव सर्वांत कमी, आणि तो सर्वांत कमी भावसुद्धा इतका चढा, की मंजूर रकमेत निम्मे वर्ग बाकांवर बसले असते आणि निम्मे पुन्हा पोत्यावर.

तोवर हेडक्लार्कांना निवृत्त व्हायला तीन महिने उरले होते. गप्प बसायचं ना! शहाणा माणूस काय करतो? सही करतो, हार घेतो, घरी जातो. यांनी फायलीवर शेरा मारला: "चारही निविदा आपसात संगनमत करून भरल्याचा दाट संशय आहे. पुरावा: कुंकू."

चीफ ऑफिसरांनी त्यांना बोलावून घेतलं. मी फाईल धरून मागे उभा होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"हे काय लिहिलंय?"

"पुरावा, साहेब."

"उद्या वर कोणी विचारलं, टेंडर का नाकारलं, तर मी काय सांगू? कुंकू? अहो, मोठे शेठ दोन वेळा मला विचारून गेले, कायदा कुठला मोडला ते दाखवा म्हणाले. आहे असा कायदा?"

"नाही, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. "करायला हवा."

तेव्हा खरंच आमच्या हाताशी तसला कायदा नव्हता. आता आहे म्हणतात. आयोग आहे, वकील आहेत, आणि टोळीतला जो पहिला येऊन खरं सांगेल त्याला सवलतही मिळते म्हणे. पेपरात वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो, कारण हे सगळं मी त्या भाड्याच्या बंगल्यात आधीच बघितलं होतं.

साहेबांनी हेडक्लार्कांना मेमो दिला. बेजबाबदार शेऱ्याबद्दल आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर चौकशी लागेल. आणि चौकशी सुरू असली की पेन्शन अडकते, हे ऑफिसातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. काकूंनी मेमो वाचला. मग चहा ठेवायला गेल्या. हेडक्लार्क नेहमी म्हणायचे, "पेन्शन हाच आमचा मुलगा. म्हातारपणी तोच बघणार." त्या दिवशी ते तसं म्हणाले नाहीत. मला खरं सांगायचं तर त्यांचा राग आला. मी म्हटलं, "शेरा मागे घ्या ना! बाकांवर बसून कोणतं पोर कलेक्टर होणार आहे?"

"मागे घेईन," ते म्हणाले. "तू एक काम कर. उद्या शाळेत जा आणि त्या फरशीवर सकाळपासून दुपारपर्यंत बस. मग मला सांग."

मी गेलो नाही. पण पुन्हा तो विषयही काढला नाही.

आठव्या दिवशी त्यांनी खुलासा घरूनच लिहून, पाकिटात घालून आणला आणि तो साहेबांकडे नेऊन द्यायला माझ्या हातात दिला. मी बावळट, आतल्या कागदावर काय असेल याचाच विचार करत गेलो. आत एकच मागणी होती: बाकांची टेंडरं एकदा, फक्त एकदा, पुन्हा मागवा. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ठीक आहे. पण या वेळीही काही सिद्ध झालं नाही तर मी चौकशीची ऑर्डर काढणार. सांगा त्यांना."

आणि आता माझा पराक्रम ऐका.

पुन्हा टेंडरं भरायच्या आदल्या दिवशी मी इराण्याकडे चहा प्यायला गेलो. शेठ एकटेच बसले होते. "या, या, बसा ना," म्हणत त्यांनी माझ्यापुढे खारी बिस्किटांची बशी सरकवली. लोण्यासारखं बोलणं ते. हेडक्लार्क फार हुशार हो, म्हणाले, आमच्यासारख्या साध्या माणसांचं त्यांना सगळं कसं काय कळतं, म्हणाले. मी फुगलो. तिसऱ्या खारीला मी कुंकवाची गोष्ट सांगून मोकळा झालो. शेठ खूप हसले. माझ्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले. गल्ल्यापाशी आमचा शिपाई पाव घेत उभा होता.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. चार पाकिटं. चारही पाकिटांवर कुंकू! नुसतं बोट नाही, स्वस्तिक काय, अक्षता काय, एकावर तर झेंडूची पाकळी चिकटवलेली. टेबलावर हळदीकुंकवाचा समारंभ मांडल्यासारखं दिसत होतं.

साहेबांनी चष्मा काढला. "काय हो हेडक्लार्क? आता तर चौघांनाही आशा आहे."

हेडक्लार्क पाकिटांकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. हळू आवाजात विचारलं, "खारी ताजी होती का रे?"

यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. या माणसानं आयुष्यात कंत्राटदाराची काडी घेतली नव्हती, आणि त्यांची पेन्शन मी तीन खाऱ्यांत विकून आलो होतो.

पाकिटं फोडली. पुन्हा शेठच सर्वांत कमी, भाव जवळजवळ तोच. बाकीचे तिघे थोडे थोडे वर. साहेबांनी ऑर्डरचा कागद पुढे ओढला. कंत्राटदार बाहेर व्हरांड्यात बसले होते, भाव त्यांना अजून वाचून दाखवले नव्हते.

"साहेब," हेडक्लार्क म्हणाले, "सही दोन मिनिटांनी करा. कुंकू सगळ्यांनी लावलंय, म्हणजे काम मिळालं तर प्रत्येकाला आनंद व्हायला हवा. तात्याला आत बोलावू?"

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. हेडक्लार्कांनी खिशातून पेन्सिल काढली, फायलीवर काहीतरी लिहिलं आणि मला खूण केली. मी तात्याला घेऊन आलो.

"या तात्या, अभिनंदन!" हेडक्लार्क उभे राहून म्हणाले. "बाकांचं काम तुम्हाला द्यावं अशी मी शिफारस केलीय. पेढे आणा."

तात्याच्या तोंडातला तंबाखू तोंडातच राहिला. "माका?"

"तुम्हालाच. सोमवारी सुरू करा."

"नाय, नाय, नाय! काय तरी चूक झाली आसा. नीट बघा." तात्याला घाम फुटला. "माका कसा मिळतला? ह्या खेपेक शेठची पाळी! माझी दिवाळीनंतर!"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

तात्याला आपण काय बोललो ते आता कळलं. त्यानं डोक्याला हात लावला. "रे देवा म्हाराजा! शेठ माका जित्तो सोडूचो नाय!"

"तात्या, बसा," हेडक्लार्क म्हणाले. आणि जन्मात कधी केलं नाही ते त्यांनी केलं. स्वयंपाकघरातून आपली खुर्ची मागवली आणि तात्याला तिच्यात बसवलं. "ही खुर्ची ओळखता?"

तात्यानं कठड्यावरून हात फिरवला, खाली वाकून सांधा बघितला. "ही मीच केललंय. वीस वर्सा झाली."

"वीस वर्षांत एकदा कुरकुरली नाही. हा हात असताना तुम्ही दुसऱ्याच्या पाळीची वाट बघत बसता? लाज नाही वाटत?" हेडक्लार्कांचा आवाज चढला. मी त्यांना खरोखर रागावलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "आता ऐका. व्हरांड्यात अजून तिघे आहेत. जो पहिला खरं सांगेल त्याला सोडायचं, बाकीचे काळ्या यादीत. पहिले तुम्ही आहात. खरा भाव सांगा. तुमच्या हातची बाकं, तुमचा नफा धरून."

तात्या बराच वेळ बोटांची पेरं मोजत राहिला. ओठ हलत होते. मग त्यानं जो भाव सांगितला, तो ऐकून साहेबांनी पुन्हा चष्मा घातला. त्या भावात सगळी शाळा बसत होती, वर बालवर्गासाठी छोटी बाकं उरत होती.

"कराल?"

तात्यानं दाराकडे बघितलं, पलीकडे शेठचं पांढरं धोतर दिसत होतं. मग पुन्हा खुर्चीच्या सांध्याकडे बघितलं.

"करतंय," तो म्हणाला. "पण माका मागच्या दारान जाव दे."

ऑफिसच्या मागच्या दारानं, न्हाणीघरातून, बुरशीच्या फायली ओलांडून तात्या गेला. मीच त्याला वाट दाखवली. नंतर साहेबांनी ती चारही टेंडरं फेटाळली आणि तात्याकडून नव्यानं लेखी भाव घेऊन काम दिलं. शेठ दोन दिवस साहेबांच्या दाराशी बसले आणि तिसऱ्या दिवशी थकले.

मी हेडक्लार्कांना विचारलं, "तुम्ही तर कधी खोटं बोलत नाही. शिफारस केलीय म्हणालात ती?"

त्यांनी फाईल दाखवली. तात्याला काम द्यावे, अशी शिफारस खरोखरच लिहिलेली होती. पेन्सिलीनं. "बोललो तेव्हा खरीच होती," ते म्हणाले आणि रबरानं ती खोडून टाकली. माझ्या खाऱ्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मी रडवेला होऊन माफी मागायला गेलो तर म्हणाले, "तुझ्यामुळेच तर चौघांनी कुंकू लावलं. एकानंच लावलं असतं तर मी पुन्हा कुंकूच पुढे केलं असतं आणि साहेबांनी ते मानलं नसतं. पण यापुढे खारी स्वतःच्या पैशांनी खा."

सगळं कायमचं सुधारलं असं मी म्हणणार नाही. काळी यादी साहेबांच्या खणातच राहिली, आणि दिवाळीनंतर खडीच्या टेंडरला चौघं पुन्हा एकत्र इराण्याकडे दिसले, तात्यासुद्धा. पण बाकं आली ती आली. तात्यानं स्वतः रंधा मारून केली होती. मी एकदा शाळेत जाऊन एका बाकावर बसून बघितलं, मुद्दाम हलून बघितलं. कुरकुरलं नाही.

मेमो दप्तरी दाखल झाला, चौकशी लागली नाही, आणि हेडक्लार्क ठरल्या दिवशी निवृत्त झाले. हार घालताना त्यांनी तो आधी हुंगला. पेन्शन वेळेवर सुरू झाली. खुर्ची त्यांनी घरी नेली नाही. म्हणाले, ती ऑफिसची आहे, पण तू बसू नकोस.

त्यांचं टेबल मला मिळालं. खालचा खण रिकामा करायला म्हणून ओढला, तर गठ्ठे तसेच, रजिस्टर तसंच. बाकांच्या पहिल्या आणि दुसऱ्या टेंडरच्या मध्ये एक सुटं पाकीट होतं, चीफ ऑफिसरांच्या नावाचं. अक्षर हेडक्लार्कांचं. मेमोच्या खुलाशाचं पाकीट ते, मीच हातात धरून नेलेलं. साहेबांनी फोडून टाकलेलं यांनी टोपलीतून परत उचललं असणार. मी पाकीट उलटं केलं. इतके दिवस त्यांनी शिकवूनही त्या दिवशी मी ते केलं नव्हतं. चिकटवलेल्या कडेखाली, कोपऱ्यात, कुंकवाचं एक लहानसं बोट होतं.

मी रजिस्टर उघडलं. त्या तारखेला, त्यांच्या बारीक अक्षरात, चारही रकाने नियमानं भरलेले होते.

काम: पेन्शन. पाकीट कोणाचे: स्वतःचे. कुंकू: आहे. शेरा: घरातून लावले. पुसले नाही.